पाठीला डबा बांधलेली चंपा

सांगायला बसले की मला दम धरवत नाही, म्हणून मुद्द्याचं आधीच सांगून टाकते. माझी भावजय चंपा, वय सत्तावन्न, दोन नातवंडांची आजी, हिला पोहता येतं! शकिलाच्या विहिरीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पाय न टेकता जाते, पाण्यातून डोकं वर काढते आणि मला विचारते, "आक्का, बघितलासा का?" बघितलं बाई. सगळ्या गावानं बघितलं.

नणंदेनं भावजयीचं कौतुक करायचं नसतं, असा आमच्याकडं कुठंही न लिहिलेला कायदा आहे. मी जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं, नियम मोडणाऱ्या पोरांचे कान पिळले, आणि आता निवृत्त झाल्यावर हा नियम मी स्वतः खुशाल मोडणार आहे. कोणाला राग आला तर येऊ दे.

आमचं गाव सांगलीजवळ, कृष्णेच्या काठावर. माझा धाकटा भाऊ बाळगोंडा याचं घर नदीकडच्या आळीत. मला दिली तीही याच गावात, पण वरच्या आळीत. नदी पात्र सोडून वर आली की आधी बाळगोंडाच्या गोठ्यात शिरते. आमच्या दारापर्यंत ती कधी आलेली नाही. त्यामुळं पुराबद्दल मी बोलले की चंपा पूर्वी नुसती माझ्याकडं बघायची, आणि मी विषय बदलायचे.

दोन हजार एकोणीसच्या महापुरात ती छातीएवढ्या पाण्यात उभी राहून जनावरांची दावी सोडत होती. सगळी सोडली. शेवटच्या रेडकाचं दावं तिच्या हातात होतं, आणि ते हातातून सुटलं. रेडकू वाहत गेलं ते तिनं डोळ्यांनी बघितलं. मग शेजारच्या स्लॅबवर बसून राहिली, नाव आली तेव्हा तिला उचलून नावेत घालावं लागलं, कारण तिची मूठ वळलेली होती ती उघडेना. एकवीस साली पाणी परत उंबरा ओलांडून आत आलं. तिथून पुढं जून लागला की चंपा आमच्यात राहायची नाही.

म्हणजे घरातच असायची, पण कशी? गाद्या, धान्याचे डबे, लग्नातला फोटो, सगळं माळ्यावर. स्वतः चटईवर, भिंतीला पाठ लावून. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की तिचा श्वास वर वर यायचा आणि खाली जायचाच नाही. हातात फोन. आमच्या भागात पावसाळ्यात माणसं एकमेकांना जेवलास का विचारत नाहीत, कोयना धरणातून किती पाणी सोडलं आणि सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ किती फूट झालं, हे विचारतात. चंपा पाण्याच्या पातळीच्या पाच-सहा ग्रुपवर होती आणि इंचाइंचाला मला फोन करायची. झोप नाही, भूक नाही. वाळून काटकी झाली होती.

मग उपाय सुरू झाले, आणि उपाय सांगणाऱ्यांना काय तोटा! कोणी जायफळ उगाळून दुधात घाला म्हणालं. कोणी टाळूवर तेल जिरवा म्हणालं. मी स्वतः गवती चहा आणि आलं घेऊन गेले आणि कपभर काढा तिला पाजूनच उठले. टीव्हीवरच्या बुवांचं बघून तिनं नाकपुड्या दाबून श्वास घेतले, त्यात तिला शिंकाच आल्या. तेलानं केस छान झाले, दुधानं पोट शांत झालं, पण ढग आला की सगळं पाण्यात. तिची टिंगल करते असं समजू नका. हे सगळं चांगलंच होतं, माझंसुद्धा पोट त्याच काढ्यावर चालतं. पण तिची भीती टाळूवर नव्हती, तळहातात होती.

शेवटी मीच तिला सांगलीला मनाच्या डॉक्टरबाईंकडं नेलं. बाईंनी नीट ऐकून घेतलं, झोपेसाठी हलकी गोळी दिली आणि म्हणाल्या, "गोळी बंद करू नका. रोज सकाळी उन्हात चाला, वेळेवर जेवा, फोन लांब ठेवा. आणि ज्याची भीती वाटते त्याच्यापासून पळत राहिलात तर भीती वाढत जाईल. कोणीतरी सोबत घेऊन थोडं थोडं त्याच्याजवळ जा." चंपानं मान डोलावली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "आक्का, मी काय नदीला चहाला बोलवू व्हय?"

इकडं पुण्याहून सम्मेद, तिचा मुलगा, फोनवर फोन करत होता. चांगलं पोरगं, आईवर जीव. त्यानं ठरवून टाकलं की या पावसाळ्याच्या आधी आईला पुण्याला न्यायचं, ते कायमचंच. नवव्या मजल्यावर फ्लॅट आहे, तिथं कुठली नदी? बाळगोंडा म्हणाला, "तिला न्हे. मी न्हाई येणार. म्हसरं कुणाच्या जिवावर सोडू?" म्हणजे संसार झाला पस्तीस वर्षांचा आणि आता ती वर नवव्या मजल्यावर आणि हा खाली गोठ्यात! चंपाला जायचं नव्हतं. पण राहायचं कसं, हेही तिला कळत नव्हतं. मेच्या शेवटी सम्मेद गाडी घेऊन येणार, हे पक्कं झालं.

आता शकिला. शकिला नदाफ आमच्या गावात गाद्या भरते, तिचा नवरा हाफिज दुकान बघतो. माहेर पाटणकडचं, लहानपण सगळं नदीत पोहण्यात गेलेलं. होळीच्या सुमाराला ती चंपाच्या गाद्यांचा कापूस पिंजून द्यायला आली, आणि बघते तर सगळ्या गाद्या माळ्यावर. "चंपाक्का, गाद्या वर आन् तुमी खाली?" तिनं विचारलं. चंपा काहीतरी पुटपुटली. शकिला शिडीवरून खाली उतरली, तिच्यासमोर बसली आणि म्हणाली, "आवं, ज्याला एवढं भेता त्याच्याशी एकदा वळख तरी करून घ्या की. आमच्या मळ्यात पायऱ्यांची हीर हाय. सकाळी तिकडं कुत्रंबी नसतं. या माझ्यासंगं."

चंपाला डॉक्टरबाई आठवल्या. आणि का कोणास ठाऊक, ती हो म्हणाली!

हे सगळं मला मागाहून शकिलानं सांगितलं, तेव्हा आम्हाला घरच्यांना पत्ताच नव्हता. बाळगोंडापुढं विहिरीचं नावसुद्धा काढायची सोय नव्हती. पोरं नदीवर गेली तर तो काठी घेऊन मागं धावायचा. म्हणून तो धारा काढायला बसला की चंपा 'जरा चालून येते' म्हणायची आणि मळ्याची वाट धरायची. अंगावर साडी, साडीच्या आत सम्मेदची कॉलेजातली ट्रॅकपँट आणि बाळगोंडाचा जुना लांब बाह्यांचा शर्ट. काठावर साडी फेडून घडी करायची, चप्पल वर ठेवायची आणि उतरायचं.

पहिल्या दिवशी नुसती शेवटच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसली आणि रडली. शकिलानं रडू दिलं. मग घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. श्वास वर चढला की थांबायचं. इथं चंपाला स्वतःचंच एक साधन सापडलं. आम्हा जैनांत कायोत्सर्ग करतात, स्थिर राहून देहाचा विसर पाडायचा आणि णमोकार मंत्र म्हणायचा. एका मंत्राला तीन श्वास, सावकाश, असं नऊ वेळा. मंदिरात ती हे लग्नाआधीपासून करत होती, पण गुडघाभर पाण्यात उभी राहून म्हटला तेव्हा छातीतलं घोंगावणं खाली बसलं, असं ती सांगते. टीव्हीवरच्या बुवांनी जे जमवलं नाही ते घरचंच निघालं.

मग आला डबा. आमच्याकडं पोरं पोहायला शिकतात ती पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून. झाकण गच्च, हवा आत कोंडलेली, त्यामुळं माणूस बुडत नाही. सत्तावन्न वर्षांच्या चंपाच्या पाठीला शकिलानं जुन्या लुगड्याच्या पट्टीनं डबा आवळला आणि म्हणाली, "सोडा पायरी." चंपानं पायरी सोडली आणि घाबरून मंत्र मोठ्यांदा म्हणायला तोंड उघडलं! 'णमो' म्हणेपर्यंत अर्धी विहीर पोटात. जिनं आयुष्यात कधी पाणी गाळल्याशिवाय प्यायलं नाही, तिनं सगळी कसर एका घोटात भरून काढली. ठसका लागून वर आली ती पहिलं काय बोलली असेल? "शकिला, किती जीव गेलं गं माझ्या पोटात!" त्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून तिनं गोड सोडलं. शकिला म्हणते, मी हसून हसून पाण्यात पडले. पण दुसऱ्या दिवशी चंपा परत हजर, आणि आता मंत्र मनातल्या मनात.

घरी आम्हाला काय दिसायचं? तिचे केस सकाळी सकाळी ओले. ती दुसरी भाकरी मागून घेते. दिवस मावळायच्या आत पोटभर जेवते आणि गप्प बसून राहते, फोनला हात लावत नाही. मला वाटलं काढा लागू पडला, आणि चार जणींना मी तसं सांगूनही आले. बाळगोंडाला मात्र वेगळंच वाटत होतं.

सम्मेद रविवारी येणार होता. त्याच्या आधल्या आठवड्यात मी सकाळी दूध न्यायला बाळगोंडाच्या गोठ्यात गेले. चंपाची बॅग भरून बाहेरच्या सोप्यात ठेवलेली. बाळगोंडा म्हैस पिळत होता. मान वर न करता म्हणाला, "आक्का, चंपा लय गप झालीया. भांडत न्हाई, रडत न्हाई. सकाळी कुठं जाती इचारलं तर नुसती हसती. मला काय ही लक्षणं बरी दिसंनात."

मी काहीतरी बोलणार तेवढ्यात हरिबाची फटफटी दारात आली. हा हरिबा त्याच आळीतला, डेअरीतून मळ्याच्या वाटेनं येत होता. त्यानं विहिरीच्या काठावर घडी केलेली साडी बघितली, शेजारी चप्पल बघितली, आणि आतून धबाक्कन आवाज ऐकला. आता शहाण्या माणसानं वाकून आत बघावं की नाही? हा गडी गाडी वळवून थेट आमच्याकडं! "बाळूनाना, पळा! चंपाकाकीनं हिरीत उडी घेतली!"

दुधाची बादली कलंडली. बाळगोंडा पळत सुटला, पायात काही नाही. त्याच्यामागं मी, गुडघे दुखतात हे विसरून. माझ्यामागं हरिबा बोंबलत, आणि त्याच्या बोंबलण्यानं अर्धी आळी. मळा जवळच, पण ती वाट मला संपता संपेना. सारखं मनात येत होतं, पोरीला काढे पाजत बसले आणि तिच्या पोटातलं दुःख मला दिसलं नाही.

काठावर पोहोचलो. खाली विहिरीच्या मधोमध चंपा उताणी तरंगत होती. डोळे मिटलेले, हात पसरलेले, हालचाल नाही. तिचा कायोत्सर्ग चालला होता हो! डबा पायरीवर काढून ठेवलेला, पहिल्यांदाच बिनडब्याची पाठीवर तरंगत होती, आणि कान पाण्याखाली, त्यामुळं आमचा गलका तिला ऐकूच जात नव्हता. पायरीवर शकिला बसलेली. आम्हाला बघून ती ताडकन उठली, दोन्ही हात हलवत ओरडली, "थांबा! आवं भाऊ, थांबा!"

पण बाळगोंडा थांबला नाही. काठावरून त्यानं सरळ पाण्यात उडी टाकली.

तो वर आला, हात आपटले, तोंड उघडलं आणि खाली गेला. परत वर आला, परत खाली. मला आधी वाटलं तो तिला शोधतोय. मग त्याचे डोळे बघितले आणि मला कळलं. माझ्या भावाला पोहता येत नव्हतं! कृष्णाकाठी जन्मलेला, साठी गाठलेला, सगळ्या गावाला दरडावणारा बाळगोंडा, त्याला पोहता येत नव्हतं, आणि हे त्याच्या थोरल्या बहिणीलासुद्धा माहीत नव्हतं.

पाणी हेलकावलं तशी चंपानं डोळे उघडले. नवरा बुडताना बघितला आणि ती वळली. शकिला ओरडली, "म्होरनं जाऊ नका, मिठी मारंल! मागनं!" आणि तिनं पायरीवरचा डबा पट्टीला धरून गरगर फिरवून फेकला, तो बरोबर बाळगोंडाच्या पुढ्यात पडला. त्यानं डब्याला कवटाळलं. चंपा त्याच्या मागं गेली, सदऱ्याची कॉलर मुठीत धरली आणि पाय मारत मारत त्याला पायरीकडं आणायला लागली. मी वर उभी राहून ओरडत होते, "मार चंपे, मार पाय!" शाळेच्या स्पर्धेतसुद्धा मी एवढी कधी ओरडले नाही. हरिबानं वरून कासरा सोडला, शकिलानं हात दिला, आणि दोघं पायरीला लागले.

तिची मूठ मात्र कॉलरीवरून सुटेना. मी खाली उतरले, तिच्या बोटांवर हात ठेवला, तेव्हा तिनं स्वतःच बघितलं की धरलेलं सुटलेलं नाही. आणि ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली.

बाळगोंडा पाणी ओकला, पायरीवर बसला. वर सगळं गाव वाकून बघतंय आणि हा लहान पोरासारखा रडतोय. "मला वाटलं तू गेलीस."

चंपा म्हणाली, "आवं, मी जायला न्हवं, ऱ्हायला शिकत हुते. पर तुमाला पवायला येत न्हाई?"

"न्हाई."

"मग उडी कशापायी टाकलासा?"

त्यानं तोंडावरचं पाणी पुसलं. "येत न्हाई, ते ध्यानातच आलं न्हाई."

हरिबानं वर कासरा गुंडाळायला घेतला. चंपानं नवऱ्याकडं जे बघितलं ना, ते बघून मी मान फिरवली. भाऊ असला म्हणून काय झालं, काही गोष्टी नणंदेनं बघायच्या नसतात.

मग त्यानं एकेक सांगितलं. लहानपणी पोरांबरोबर घाटावर जायचा, काठावर बसून तांब्यानं अंगावर पाणी घ्यायचा आणि ओला होऊन घरी यायचा. पुढं लाज वाटायला लागली, मग सांगायचं राहूनच गेलं. महापुरात तोही तितकाच घाबरला होता. ज्या ज्या पावसात चंपा भिंतीला टेकून जागी होती, त्या त्या पावसात हा शेजारी डोळे मिटून जागाच होता. तिच्यावर ओरडायचा, म्हणजे त्याच्याकडं कोणी बघणार नाही. काय म्हणावं या पुरुषांना! एका घरात दोघं जागी, आणि दोघांना वाटतंय दुसरा झोपलाय.

रविवारी सम्मेद आला. बॅग गाडीत ठेवायला उचलली तर बाळगोंडानं ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि म्हणाला, "पाणी यायचं कळलं की म्हसरं घिऊन आमी दोघंबी माळावर जाणार, आक्काच्या दिराच्या शेडात. सगळं बोलून ठेवलंया. पाणी उतरलं की दोघंबी माघारी. पुण्याला गणपतीत येऊ, दोघंबी." सम्मेदनं आईकडं बघितलं. चंपा म्हणाली, "तुझं बाबा बरोबर बोलत्यात." लग्नानंतर हे वाक्य तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

आता चंपाची गोळी डॉक्टरबाईंनी अर्ध्यावर आणली आहे, पुढं हळूहळू बंद करू म्हणतात. पातळीचे ग्रुप तिनं काढून टाकले, एकच ठेवला, तोही बाळगोंडाच्या फोनवर. सकाळी मळ्यात पाठीला डबा बांधून बाळगोंडा पाण्यात ओरडत असतो आणि दोन बायका काठावरून त्याला शिव्या घालत असतात. माझा काढा अजून चालू आहे, तो दोघंही मुकाट्यानं पितात.

परवा जुलैचा पाऊस असा कोसळला की भर दुपारी आमच्या सोप्यात दिवा लावावा लागला. कोयनेतून सोडलं, पुलाजवळ पाणी चढायला लागलं. धोका अजून लांब होता, हे मला कळत होतं, पण जीव राहीना. चंपाला फोन लावला. वाजला, वाजला, आणि बाळगोंडानं उचलला. मागं पत्र्यावर पाऊस धो धो वाजत होता.

"चंपा कुठं हाय रं? घाबरलीया का?" मी ओरडून विचारलं.

"आक्का, हळू बोल," तो कुजबुजला. "झोपलीया ती."

"झोपलीया? ह्या पावसात?"

"व्हय. गादीवर."

त्यानं फोन तिच्या उशाशी धरला, आणि आम्ही दोघं फोन चालू ठेवून नुसता तिच्या घोरण्याचा आवाज ऐकत बसलो.